गवताचा हिशेब कोण ठेवणार?

मावळ आणि मुळशीत भात निसवते, त्याच सुमारास बांधांवरचे व डोंगरउतारांवरचे गवत फुलोऱ्यावर येते. गवत कापण्याची योग्य वेळ तीच, कारण तेव्हा त्यात सत्त्व असते. परंतु नेमके त्याच वेळी हस्त नक्षत्र चालू असते आणि परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. कापलेले गवत वाळण्यास सलग तीन-चार दिवसांचे ऊन लागते. मध्येच एक जोराची सर आली तर गवत काळे पडते. ओलसर गवताची गंजी रचावी तर ती आतून तापते आणि तिला बुरशी धरते. म्हणून शेतकरी उघडिपीची वाट पाहतो. मात्र तो थांबला तरी गवत थांबत नाही. ते जून होते, त्यातील सत्त्व बियांबरोबर गळून जाते आणि कुसळीसारख्या गवताची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात.

थांबण्यालाही किंमत असते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा होय. शासनाच्या हिशेबात मात्र ही किंमत कोठेच आढळत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत, कापून शेतात वाळत घातलेल्या पिकाला अवकाळी पावसापासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात हे जादा कवच वगळले, हा भाग वेगळा. पण ते असतानाही त्याचा लाभ भातालाच होता. त्याच शेताच्या बांधावर भिजणाऱ्या गवताला नव्हता. फाल्गुनात गंजी संपली की हाच शेतकरी कडबा विकत घेतो. त्याचा भार दुधाच्या उत्पादनखर्चावर पडतो आणि पुणेकर दूध महागल्याची तक्रार करतो.

कृषिहवामानशास्त्राचा विभाग पुण्यातच १९३२ मध्ये स्थापन झाला आणि शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवृत्त देण्यास १९४५ मध्ये आरंभ झाला. आज मंगळवारी व शुक्रवारी कृषिसल्ला प्रसृत होतो. तेव्हा ज्ञानाचा अभाव आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न ते ज्ञान कोणत्या स्वरूपात पोहोचते, हा आहे. हस्ताचा जो पाऊस मावळातील गवत कुजवितो, तोच इंदापूर-शिरूरकडील ज्वारीच्या पेरणीला हवाहवासा वाटतो. एकाच जिल्ह्याला एकच सल्ला देऊन भागत नाही. तालुक्याचे हवामान ध्यानात घेऊन सल्ला देता यावा म्हणूनच देशभर जिल्हा कृषिहवामान केंद्रे उभारण्यात आली होती. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. काटकसर करावी, पण नेमकी येथेच का, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

दरम्यान ऋतूही आपले वेळापत्रक बदलीत आहे. २०१९ मध्ये देशातून मोसमी पावसाची माघार सुरू होण्यास ९ ऑक्टोबर उजाडला. पुढील वर्षी हवामान खात्याने माघारीच्या सर्वसाधारण तारखाच सुधारल्या. मुंबईची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. गवत मात्र जुन्याच वेळी फुलते. मुरघासाचा मार्ग सुचविला जातो, तो ज्याच्याकडे मका आणि पाणी आहे त्याला सोयीचा. डोंगरउतारावरील राठ गवत कापणाऱ्याला उन्हावाचून गत्यंतर नाही. त्याला पावसाचे मिलिमीटर नको आहेत. सलग चार दिवस कोरडे जाण्याचा संभव किती, एवढे एक वाक्य हस्त आणि चित्रा नक्षत्रांत त्याच्या तालुक्याच्या सल्ल्यात आले, तर विळा केव्हा उचलायचा हे तो स्वतःच ठरवील.