शिवणयंत्राची सुई

शिवणयंत्र टांके गाळूं लागलें, कीं घरांत दोष प्रथम दोऱ्यास लागतो, मग ताणाचा स्क्रू पिळला जातो, आणि अखेर यंत्र कारागिराकडे जातें. आधीं सुई बदलून पाहावी, असें आमचें मत आहे. बोथट सुईनें पैठणीस फॉल लावला, तर रेशमाचा ओढला गेलेला धागा पुन्हां जागीं बसत नाहीं.

वेष्टनावरील ९०/१४ ह्यांतील पहिला अंक जाडीचा, म्हणजे ०.९ मिलिमीटर, दुसरा त्याच जाडीचा जुना क्रमांक. तलम मलमलीस ६५/९, नेहमींच्या सुती कापडास ९०/१४, डेनिमसारख्या जाड कापडास १००/१६ बरी. बनियनच्या विणलेल्या कापडास मात्र गोलसर टोंकाची सुई हवी. ती धागे तोडीत नाहीं, बाजूस सारून शिरते.

सुई बसवितांना चपटी बाजू कोणीकडे, ह्यावर सासू-सुनांचा वाद आम्हीं ऐकिला आहे. यंत्रागणिक ती बाजू निराळी, खूण एकच. सुईच्या अंगावर एक लांब खांच असते. दोरा जिकडून ओंवावयाचा, तिकडे ती खांच ठेवावी, व सुई पार वर सारून मगच स्क्रू आवळावा.

टांचणीवर आदळलेली सुई तत्काळ काढावी. एरवीं सुमारें आठ तासांच्या शिवणीनंतर. टक्‌टक् आवाज येऊं लागला, तर तेवढीही वाट पाहूं नये. काढलेली सुई झांकणाच्या डबींत ठेवावी. केरांत गेली, तर ती केर उचलणाराच्या हातांत शिरते.