पोस्टरवरची नावे, हाडामांसाची माणसे

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे गाव आहे. तिथल्या वर्दी फार्म या दुभत्या गायींच्या शेतावर जूनअखेर ग्लास्टनबरी संगीत महोत्सव भरतो. २०२५च्या महोत्सवाची तिकिटे आदल्या नोव्हेंबरात विक्रीला निघाली आणि सुमारे ३५ मिनिटांत संपली. एका तिकिटाला पावणेचारशे पौंडांच्या आसपास मोजावे लागले. गंमत अशी, की तेव्हा कोण कोण गाणार हे जवळपास जाहीरच झाले नव्हते. बहुतेक नावे बाहेर आली ती मार्चमध्ये.

मधले महिने चाहत्यांनी काय केले? अंदाज बांधले. कोणत्या बँडच्या युरोप दौऱ्यात जूनचा शेवटचा आठवडा मोकळा दिसतो, कोणाचा अल्बम उन्हाळ्यात येतो आहे, कोणत्या गायिकेने मुलाखतीत प्रश्न हसून टाळला, यावर खल झाला. ब्रिटनमधले सट्टेबाज यावर रीतसर पैजा घेतात. आयोजकही या खेळात सामील असतात. २०२३च्या यादीत ‘द चर्नअप्स’ नावाचा कोणालाच माहीत नसलेला बँड होता. तो निघाला फू फायटर्स. २०२५ला ‘पॅचवर्क’ या नावाआड पल्प हा बँड होता. सवाई गंधर्व महोत्सवाची यादी येण्याआधी पुण्यातल्या कट्ट्यांवर ‘यंदा कोण?’ अशी जी चर्चा रंगते, तिचीच ही वाढीव आवृत्ती म्हणायची.

रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हे उडवून लावायचे कारण नाही. वाट पाहणे हा मेंदूच्या दृष्टीने स्वतंत्र आनंद आहे. मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी २०११ मध्ये, ज्या संगीताने अंगावर शहारे येतात असे संगीत लोकांना ऐकवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. शहाऱ्याच्या क्षणी डोपामीन पाझरलेच. पण तो क्षण येण्यापूर्वी, नुसत्या चाहुलीनेही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते पाझरले होते. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा माकडांवरचा २००३चा प्रयोग आणखी बोलका आहे. खूण दिसल्यावर फळांचा रस मिळणार की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना, वाट पाहण्याच्या काळात डोपामीन पेशींची हालचाल सर्वाधिक चढत गेली. नक्की मिळणार किंवा नक्की नाही मिळणार, अशा दोन्ही वेळी ती चढण दिसली नाही. रसाची वाट पाहणारे माकड आणि बँडची वाट पाहणारा माणूस यांना एकाच मापाने मोजू नये हे खरे. तरीही ‘येईल, नाही येईल’ या अवस्थेची गोडी कुठून येते, याचा अंदाज त्यातून येतो.

नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर प्रौढांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुटीवर जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होते. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नाही. तेव्हा नोव्हेंबर ते जून अंदाज बांधत बसणारा चाहता तिकिटाचे निम्मे पैसे घरबसल्या वसूल करतो, असे म्हणायला हरकत नाही. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल चाळत हे केले तर झोपेचे खोबरे होते, एवढे पथ्य पाळले की झाले.

खरी अडचण वेगळी आहे. अंदाज बांधताना नावे पत्त्यांसारखी पिसली जातात आणि त्या नावांना गळा, पाठ आणि पाय असतात याचा विसर पडतो. ग्लास्टनबरीचा इतिहासच पाहा. १९९५ मध्ये स्टोन रोझेस येणार होते. त्यांचा गिटारवादक जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, कॉलरबोन मोडले आणि ऐनवेळी त्यांच्या जागी पल्प आले. २०१० मध्ये यूटूचा गायक बोनो याच्या पाठीवर तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्याऐवजी गोरिलाझ वाजवून गेले. २०१५ मध्ये फू फायटर्सचा डेव्ह ग्रोल स्वीडनमधल्या कार्यक्रमात मंचावरून कोसळला, पाय मोडला आणि फ्लॉरेन्स अँड द मशीनला बढती मिळाली. कोणत्या सट्टेबाजाने या अस्थिभंगांवर पैसे लावले असतील? यूटू २०११ला आले, फू फायटर्स २०१७ला. हाडे जुळायला लागतो तो वेळ सगळ्यांनी दिला, कोणी तक्रार केली नाही.

गळ्याच्या बाबतीत ही समजूत थोडी पातळ होते. स्वरतंतू म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या नाजूक घड्या. गाताना त्या सेकंदाला शेकडो वेळा एकमेकींवर आपटतात. त्यात रक्तस्राव झाला तर पहिला उपाय म्हणजे पूर्ण मौन. प्लास्टर दिसते, मौन दिसत नाही; म्हणून ‘एवढ्याने कार्यक्रम रद्द?’ असा प्रश्न येतो. सूज उतरवणारे स्टेरॉइड घेऊन मंचावर उभे राहण्याचा मोह गायकांना याच दबावाखाली होतो. त्याने त्या संध्याकाळपुरता आवाज मोकळा वाटतो आणि इजा झाकली जाते. अडेलने २०११ मध्ये स्वरतंतूंच्या रक्तस्रावामुळे दौरे रद्द केले आणि बोस्टनमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. २०१६ मध्ये ती ग्लास्टनबरीच्या मुख्य मंचावर गायली. थांबली नसती तर हे घडले असते का, याबद्दल शंका आहे.

मेंदू आणि मन यांची पाळी आली की समजूत आणखी विरते. स्कॉटिश गायक लुइस कपाल्डी याने २०२२ मध्ये आपल्याला टूरेट सिंड्रोम असल्याचे सांगितले. या आजारात मान, खांदा, चेहरा यांचे झटके येतात. ताण, थकवा आणि उत्तेजना यांनी ते वाढतात, इच्छाशक्तीने ते थांबवता येत नाहीत. जून २०२३ मध्ये ग्लास्टनबरीत त्याचा आवाज बसला, झटके वाढले आणि शेवटचे गाणे प्रेक्षकांनी त्याच्यासाठी म्हणून पूर्ण केले. काही दिवसांतच त्याने दौरे थांबवले. तो क्षण हृद्य होता यात वाद नाही. पण त्यानंतर सुरू झालेले अंदाज हृद्य नव्हते. दौऱ्याच्या तारखांऐवजी लोक त्याच्या चित्रफितींमधले झटके मोजू लागले. बरा आहे का, परत येईल का, औषध घेतो का, संपला का?

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा १९७३पासून नियम आहे, की ज्या व्यक्तीला तपासलेले नाही तिच्या मनाच्या आजाराबद्दल जाहीर मत देऊ नये. तज्ज्ञांना जे वर्ज्य, ते पैज लावणाऱ्यांना मोकळे असावे, हे पटण्यासारखे नाही. चाहता म्हणेल, आम्ही काळजीपोटीच बोलतो. असेलही. पण काळजी करणारा माणूस तारीख विचारत नाही. कपाल्डी दोन वर्षांनी, २७ जून २०२५ला, त्याच मंचावर परतला. पोस्टरवर त्याचे नाव नव्हते, ‘नंतर जाहीर होईल’ एवढेच लिहिले होते. अनेकांनी नाव ओळखले होतेच. तरीही त्या कोऱ्या जागेचा एक फायदा नाकारता येत नाही: सकाळी उठून जमत नाही असे वाटले असते, तर त्याला कोणाला काही समजावून सांगावे लागले नसते.

याच शेतावर दर काही वर्षांनी महोत्सव होतच नाही. कुरण पुन्हा वाढावे, गायींना मोकळीक मिळावी म्हणून. २०२६ हे असे विश्रांतीचे वर्ष ठरवले गेले, तेव्हा हळहळ झाली, पण गवताला कोणी आळशी म्हटले नाही.

अंदाज बांधणाऱ्यांच्या यादीत आणखी एक शरीर नसते, ते स्वतःचे. कोण गाणार याची चर्चा आठ महिने होते. आपण स्पीकरपासून किती अंतरावर उभे राहणार, याची आठ मिनिटेही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळी आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असा दंडक सुचवला. ॲमस्टरडॅममधल्या एका खुल्या महोत्सवात डच डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ५१ जणांचे दोन गट पाडले. एका गटाला इयरप्लग दिले, दुसऱ्याला नाही. साडेचार तास साधारण १०० डेसिबल संगीत ऐकल्यावर इयरप्लग नसलेल्या गटात ४२ टक्के कानांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटली होती, इयरप्लगवाल्यांत ८ टक्के. कानात गुणगुण होण्याचे प्रमाण ४० आणि १२ टक्के होते. नवी मुंबईच्या स्टेडियमला काय किंवा गणेशोत्सवातल्या डीजेला काय, हे आकडे तितकेच लागू पडतात. कार्यक्रमानंतर कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर आठवडाभर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.