भंगार कोणाचं, वॉरंटी कोणाची?

दोस्तांनो, लॅपटॉपचा स्क्रीन तडकला की आपलं पोट्टं आधी मान खाली घालतं. कंपनीचं सेंटर म्हणतं नवाच पॅनल घ्या. भाव ऐकून बाप गप्प. भामरागडच्या पोराला तर नागपूरला जाऊन-येऊन दोन दिवस. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की रस्ताच पाण्याखाली. आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइनच! तारीख कोणासाठी थांबते?

अरे, मेलेले लॅपटॉप भंगारात किलोवर जातात. मदरबोर्ड जळालेला, पॅनल मात्र ठणठणीत. तो काढायचा, पाठीवरच्या स्टिकरचा नंबर आपल्या पॅनलशी ताडायचा, माप बघायचं, पिना मोजायच्या. ३० पिनांच्या जागी ४० चालत नाहीत. हात घालण्याआधी बॅटरी सुटी करायची. हे ज्याला येतं त्याला आपण काय म्हणतो? जुगाडू! आणि असाच जुना माल कंपनीनं खोक्यात घालून विकला की तो 'रिफर्बिश्ड', वॉरंटीसकट. वा रे इंग्रजी!

शब्दांची ही वर्णव्यवस्था कायद्यातही शिरलीय. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नोंदणी चौघांची: निर्माता, उत्पादक, रिफर्बिशर, रिसायकलर. हातगाडीवर हा माल गोळा करणारा पाचवा कुठंय? यादीबाहेर. गावाबाहेर होता तसाच. जुन्या पॅनलमागची पाऱ्याची नळी त्याच्या हातात फुटते, जळत्या केबलचा धूर त्याच्या पोरांच्या छातीत जातो. रिसायकलिंगच्या सर्टिफिकेटांची खरेदी-विक्री मात्र वरच्या वर!

काही शहाणे म्हणतील, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तुम्ही पुन्हा मेल्या मालात हात घालता? भाऊ, ढोर ओढणं गावानं लादलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. यंत्र उघडणं कोणी लादलेलं नाही. उलट ते उघडू नये म्हणून कंपन्या वेगळेच स्क्रू लावतात, पार्ट चिकटवून टाकतात, नकाशे दडवतात. ज्ञानाला कुलूप लावणारी ही जात आपल्या ओळखीची आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. ते बघायला आधी धड स्क्रीन पाहिजे, बाप्पा!

तेव्हा विहारात, वस्तीच्या वाचनालयात एक टेबल टाका. पोरींना आधी शिकवा. आणि भंगारवाल्या मावशीशी किलोचा हिशेब बंद करा. आपणही तिला किलोनंच मोजतो. धड पॅनलचे पॅनलसारखे पैसे द्या, मग ती तो फोडून विकणार नाही.