बाळंतिणीला दम का लागतो?

बाळ झालं की घरात चौकशी सुरू होते ती बाळाची. दूध प्यालं का, शी झाली का, रात्री रडलं का? बाळंतिणीला विचारलं जातं ते एवढंच, की दूध पुरतंय ना! तिनं ‘दम लागतो हो’ म्हटलं, तर उत्तर ठरलेलं. रक्त गेलंय, जागरणं आहेत, अळिवाची खीर खा, येईल ताकद.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित कुणाचं दुखणं वेगळं निघतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या ५ महिन्यांपर्यंत, आधी धडधाकट असलेल्या बाईच्याही हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात. डॉक्टर याला ‘पेरिपार्टम कार्डिओमायोपथी’ म्हणतात. आजार दुर्मीळ, म्हणून तो चटकन ध्यानात येत नाही. त्यात लक्षणं अगदी चारचौघी बाळंतिणींसारखीच! थकवा, पायांवर सूज, धाप.

मग ओळखायचं कसं? उताणं झोपलं की जीव कोंडतो, उशांवर उशा घ्याव्या लागतात, रात्री घुसमटून जाग येते, खोकला थांबत नाही, सूज ओसरण्याऐवजी वाढते... हा नुसता अशक्तपणा नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि बाळंतपणाला किती दिवस झाले ते आधी सांगा. ‘टू-डी इको’ तपासणीत हृदय किती जोरानं रक्त ढकलतंय, ते कळतं. वेळेवर औषधं मिळाली तर अनेक जणींचं हृदय सावरतं. मात्र बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत, आणि पुढच्या बाळाचा विचार डॉक्टरांना विचारूनच करावा.

अडतं कुठे? ‘सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही’ इथं, आणि खर्चाच्या धास्तीपाशी. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला मोफत उपचार मिळतात. रात्री-अपरात्री १०८ ची गाडी आहे. आशाताईही ४२ व्या दिवसापर्यंत घरी येऊन बघून जातात. पण हा आजार त्यानंतरही गाठू शकतो. तेव्हा बघायचं कुणी? आपणच की!

आईंनो, सासूबाईंनो, बाळाला न्हाऊ-माखू घालताना त्याच्या आईलाही रोज एक प्रश्न विचारा. ‘रात्री आडवं पडून नीट झोप लागते ना गं?’ ती ‘नाही’ म्हणाली, तर का ते नीट ऐकून घ्या. उंबऱ्याचं नंतर बघता येईल.