उतरून घेतलेलीं गाणीं

सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या कळव्यांत स्टेशनाजवळील एका दुकानांत थोडे पैसे दिले कीं मोबाइलचें मेमरी-कार्ड गाण्यांनीं भरून मिळे. माझ्या दहावींतील मुलानें असें एक कार्ड आणलें. त्यांत अमेरिकन हिप-हॉपचे आल्बम होते. तालावर भरभर म्हटलेलें तें पद्य मला उमगेना. परंतु कर्त्याला एक पैहि न देतां घेतलेली वस्तु ती चोरीच, असें म्हणून मीं कार्ड काढून घेतलें. मुलगा एवढेंच बोलला, "बाबा, गुरुजींची लघुकौमुदी तुम्हीही वहीत उतरून काढली होतीत ना?" मीं त्याला गप्प बसविलें. प्रश्न मात्र राहिला.

इंटरनेटवरून गाणीं एकमेकांस देण्याची रीत १९९९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या नॅपस्टरपासून बोकाळली. न्यायालयाच्या आदेशामुळें २००१ सालीं तें बंद पडलें, पण लोकांची संवय सुटली नाहीं. २००२ सालीं 'द एमिनेम शो' हा आल्बम चोरट्या प्रतींच्या भयानें ठरल्या तारखेपूर्वींच बाजारांत आणावा लागला. तरी त्या वर्षीं अमेरिकेंत सर्वांत अधिक खप त्याचाच झाला! ज्याचें नांव लहान, त्याचें नुकसान मात्र कोण मोजणार?

तथापि दुसरीहि बाजू आहे. ज्यांना महाग तबकड्या परवडत नव्हत्या, अशा कित्येक मुलांच्या कानीं हें काव्य उसन्या प्रतींनींच पडलें. आणि आपल्याकडील मुलें नुसतीं ऐकत बसलीं नाहींत. कुर्ल्याच्या नावेद शेखनें, म्हणजे 'नेझी'नें, २०१४ सालीं 'आफत' हें गाणें आयपॅडवर तयार केलें. पुढच्याच वर्षीं अंधेरीच्या 'डिव्हाइन'सह त्याचें 'मेरे गली में' आलें. २०१९ सालीं मुंबईच्या 'स्वदेशी' मंडळीनें आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्हॉल्ट' रचलें. विषय आरेचें जंगल. परक्याची तऱ्हा आत्मसात् करून आपल्या वस्तीचें दुःख आपल्या बोलींत सांगणें, याला मी अध्ययनच म्हणतों.

शास्त्रांत ऋषिऋण सांगितलें आहे. तें स्वाध्यायानें फिटतें. उतरून घेतलेली विद्या हेंहि एक ऋणच होय. मात्र मीं लघुकौमुदी उतरली तेव्हां वरदराजांना जाऊन शतकें लोटलीं होतीं. कर्ता हयात असेल, तर ऋणाबरोबर त्याच्या पोटाचाहि विचार करावयास हवा. त्या दुकानांतले पैसे दुकानदाराच्या गल्ल्यांत गेले. गाणाऱ्यास कांहींच पोंचलें नाहीं.

मुलगा आतां महिन्याची वर्गणी भरून गाणीं ऐकतो. तें कार्ड अजून माझ्या पेटींत आहे. दिवाळीस तो येईल तेव्हां परत करावें म्हणतों, आणि त्याच्या प्रश्नाचें हें उत्तरहि द्यावें.