गुणांबरोबर शीलही

दुखू लागेपर्यंत दातांची आठवण आपल्याला सहसा होत नाही. दुखण्यापूर्वीच त्यांची निगा राखण्याचे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा गौरव करणारी ‘सिग्मा फाय अल्फा’ नावाची एक संस्था अमेरिकेत आहे.

या व्यवसायाचा पाया कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट शहरी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी घातला. १९०६ साली त्यांनी आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला रुग्णांचे दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले व १९१३ साली त्यासाठी विद्यालय काढले. तेथे शिकलेल्या स्त्रिया शहरातील शाळांतून मुलांचे दात स्वच्छ करीत आणि ते कसे घासावेत हेही शिकवीत.

१९५८ साली स्थापन झालेली ही संस्था केवळ परीक्षेतील गुणांचा गौरव करीत नाही. विद्वत्तेबरोबर सेवा आणि शील यांनाही ती मान देते. हे योग्यच नव्हे काय? हिरडीखालचे कीटण पुरते निघाले की नाही, हे रुग्णाला दिसत नाही. तेथे शिकलेल्या हातामागे प्रामाणिक मनच हवे. मुलांच्या गुणपत्रिका पाहताना आपणही एवढे विचारावे, की ही विद्या कोणाच्या उपयोगी पडणार आहे?