भिंतीला तडा का गेला?



आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. उठा, आणि घराच्या भिंतींवरून एक नजर फिरवा. कुठे तडा दिसतो का? खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर गेलेला? दिसला तर त्याची जागा लक्षात ठेवा. आजची गोष्ट त्याचीच आहे.

मी पूर्वी ज्या शाळेत होते, ते गाव गोदावरीच्या खोऱ्यातलं. चहूकडे काळीभोर जमीन, कापूस आणि ज्वारी. आमच्या चौथीच्या वर्गाच्या भिंतीला असाच तडा होता. मी काय केलं असेल? गवंडीमामांना बोलावलं, सिमेंट भरून घेतलं, वरून चुना मारला. झालं! पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा हजर. पुन्हा सिमेंट, पुन्हा चुना.

वर्गात एक मुलगी होती, फारसं न बोलणारी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने त्या तड्यावर वहीच्या कागदाची एक पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. मी म्हटलं, "अगं, भिंत कशाला खराब करतेस?" ती म्हणाली, "बाई, तडा वाढला तर कागद फाटेल ना." होळीच्या सुमारास कागद मधोमध फाटला होता. उन्हाळ्यात फटीत माझी पेन्सिल जात होती. पाऊस लागला, आणि श्रावणात तीच फट इतकी मिटली की पोस्टकार्डसुद्धा आत जाईना!

भिंत उघडझाप करत होती. दोष सिमेंटचा नव्हता की गवंडीमामांचाही नव्हता. भिंतीखालची जमीनच हलत होती. पण जमीन कशी हलेल?

त्यासाठी जमिनीच्या पोटात उतरायला हवं. तुमच्याकडे विहीर खणली जात असेल तर काठावर उभं राहून बघा (मोठं माणूस बरोबर हवं!). सगळ्यात वर काळी माती. खाली पिवळट माती आणि चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली मुरूम, आधी मऊ, मग कडक. आणि तळाशी पहारसुद्धा उसळून परत येते तो काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे एके काळचा लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर वाहत आला, आणि आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावर उभा आहे. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळं यांनी हा खडक कुजतो, म्हणजे मुरूम होतो. मुरूम आणखी कुजला की माती. म्हणजे काळी माती आणि काळा पाषाण हे नातू आणि आजोबा! पण आजोबा जितके शांत, तितका नातू चंचल.

आता करून पाहू.

प्रयोग पहिला. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या. पाणी भरा, झाकण लावा, खूप हलवा आणि ठेवून द्या. एका मिनिटात वाळू तळाशी बसेल. काही तासांत तिच्यावर पोयट्याचा थर येईल. पण दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळच असेल. त्यात तरंगत असते ती चिकणमाती. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान, साध्या डोळ्यांना न दिसणारे.

प्रयोग दुसरा. माती कणकेसारखी मळा आणि पाटावर हाताने वळून तिची दोरी करा. वाळूची दोरी होतच नाही. काळ्या मातीची मात्र शेवेसारखी सुरेख होते. ती मोडून परत परत वळत राहा. पाणी उडत जातं, आणि एक वेळ अशी येते की दोरी ३ मिलिमीटर जाडीची होताच तुकडे पडतात. हा पोरखेळ नाही बरं का! अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मातीच्या अशा सीमा ठरवल्या: कुठवर ती घट्ट, कुठवर मळण्याजोगी, आणि कुठून पुढे ती चिखलासारखी वाहू लागते. तुमची ताई किंवा दादा सिव्हिल इंजिनिअरिंगला असेल तर विचारा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेही काचेवर मातीच्या दोऱ्याच वळतात!

प्रयोग तिसरा, आणि हाच आपल्या गोष्टीचा. डब्यांची दोन सारखी झाकणं घ्या. आतून तेलाचा हात फिरवा. एकात काळ्या मातीचा चिखल काठोकाठ भरा, दुसऱ्यात मुरमाचा. चार-पाच दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळू द्या. मुरूम जवळपास होता तेवढाच राहील. काळी माती मात्र कडा सोडून आत येईल, तिला भेगाही पडतील. पट्टीने मोजा आणि आकडा वहीत लिहा.

असं का होतं? पावसात भिजलेली वही आठवा. पानापानांत पाणी शिरतं आणि वही फुगते. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं एक खनिज असतं. त्याचा प्रत्येक कण म्हणजे अतिशय पातळ पानांची चळतच. ही पानं सगळी उलगडून मांडली तर एका ग्रॅमला सुमारे ८०० चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे चिमूटभर मातीला शाळेचं मैदान! या पानांमध्ये पाणी शिरलं की ती एकमेकींपासून लांब सरतात आणि माती फुगते. पाणी गेलं की पानं जवळ येतात, माती आकसते आणि शेतात भेगा पडतात.

आता आमच्या वर्गाखाली काय चाललं होतं ते कळलं ना? खोलीच्या मधोमध, फरशीखाली, माती सावलीत होती. तिथली ओल फारशी बदलत नव्हती. बाहेरच्या कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजून फुगायची आणि उन्हाळ्यात सुकून आकसायची. त्यात एका कोपऱ्याला पाण्याची टाकी, तिचा नळ कायम ठिबकणारा. म्हणजे एक कोपरा वर, दुसरा खाली. सगळी जमीन सारखीच वर-खाली झाली असती तर भिंतीला कळलंही नसतं. पण एक बाजू उचलली आणि दुसरी खचली की विटांना ते सोसत नाही.

अशा मातीत घर बांधायचंच नाही का? बांधता येतं, पण आधी जमिनीची ओळख करून घ्यावी लागते. मुरूम जवळ असेल तर काळी माती काढून पाया मुरमावरच टेकवायचा. मुरूम खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काढलेली एक नामी युक्ती आहे. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडायचं, तळाजवळ ते कांद्यासारखं फुगवायचं, आणि त्यात सळ्या घालून काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही फुगो-आकसो, हा खालचा कांदा पकड सोडत नाही, कारण तिथपर्यंत ऊन-पावसाचा फरक फारसा पोचतच नाही.

मातीने फक्त आपल्याकडेच माणसांना फसवलंय असं नाही. इटलीतला पिसाचा झुकता मनोरा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचं काम ११७३ साली सुरू झालं. तिसरा मजला होईपर्यंत तो कलू लागला, कारण खालची चिकणमाती मऊ होती. मग काम थांबलं, ते जवळजवळ शंभर वर्षं. ती सुट्टी मनोऱ्याच्या पथ्यावरच पडली. ओझ्याखाली मातीतलं पाणी हळूहळू निघून गेलं आणि माती घट्ट झाली. बांधकाम एका दमात उरकलं असतं तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं इंजिनिअर म्हणतात. पुढे १९९० साली तो धोक्याचा म्हणून बंद करावा लागला. मग काय केलं असेल? उंच बाजूच्या खालून थोडी थोडी माती काढली! मनोरा सुमारे अर्धा अंश सरळ झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा उघडला. ओझ्याखाली माती कशी दबते आणि तिच्यातलं पाणी किती सावकाश बाहेर पडतं, याचं गणित कार्ल टेरझागी यांनी मांडलं. त्यांचं पुस्तक १९२५ साली निघालं, आणि मृदा यांत्रिकी हे नवं शास्त्र उभं राहिलं.

आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यातही एक खूण आहे. शेतजमिनीला ते 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी'. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीत. आजी-आजोबांना विचारून पाहा.

आणि आमच्या वर्गाचं काय झालं? फाटलेल्या कागदाची पट्टी मी पाहणीला आलेल्या इंजिनिअरसाहेबांना दाखवली. त्यांनी भिंतीलगत खड्डा खणायला लावला. पाया अडीच फुटांवर, काळ्या मातीतच संपला होता. मुरूम लागला सात फुटांवर. त्याच दिवशी खोलीला कुलूप लागलं आणि ते वर्ष आम्ही लिंबाखाली शिकलो. कुणाला काही झालं नाही. पण मी दोनदा चुना मारून तो तडा झाकला होता, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्याच उन्हाळ्यात त्या मुलीचे वडील घर बांधायला निघाले होते. मे महिन्यात काळी जमीन दगडासारखी टणक असते, टिकावसुद्धा टणकन वाजतो. ते म्हणाले, "एवढी घट्ट जमीन, दोन फूट पाया पुष्कळ झाला." ही हट्टाला पेटली, "बाबा, आधी खड्डा खणून बघा." खणला. सहा फुटांवरही काळीच माती! हाताशी होते तेवढे पैसे पुरणार नव्हते. त्यांनी घर एक वर्ष पुढे ढकललं आणि आणखी एक पावसाळा जुन्या पत्र्याखालीच काढला. मुलगी थोडी हिरमुसली होती. पण वडील मला म्हणाले, "बाई, उशीर झाला तरी चालेल, पोरीच्या डोक्यावर भिंत नको."

पालकांसाठी दोन शब्द: काळ्या मातीत बांधकाम करणार असाल तर आधी एक खड्डा खणून जाणकार इंजिनिअरला दाखवा. छताचं, मोरीचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका. भिंतीला लागून मोठं झाड लावू नका, कारण मुळं जमिनीतली ओल ओढून घेतात. आणि तडा दिसला तर बुजवण्याआधी त्यावर कागदाची पट्टी लावा, तारीख घाला. तडा वाढताना दिसला तर मात्र वाट पाहत बसू नका.

आता या आठवड्याचा प्रश्न. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही. ओल्या वाळूचा झकास होतो. पण लाट आली, वाळू पाण्यात बुडाली, की तो ढासळतो. वाळू तीच, पाणी तेच, मग असं का? वाळूच्या ढिगावर जा, करून पाहा आणि डोकं चालवा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या,
बाई